छेद आणि सांधा

(स्मृतिव्याख्यानमालेत नारायणगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे चरित्र सांगण्याचा अधिकार माझ्याहून अधिक असलेली माणसे या सभागृहात बसली आहेत. तेव्हा मी त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि तीही अशासाठी, की आजचा माझा सारा विषय त्या एका गोष्टीच्या पोटात आहे. आम्ही शाळेत असताना वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बाजरीच्या खोडाच्या आडव्या छेदाचे एक चित्र असे. एक वर्तुळ आणि त्यात विखुरलेले ठिपके. हे ठिपके म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे पुंज, असे खाली लिहिलेले असे, आणि ते चित्र काढून नावे दिली की परीक्षेपुरते आमचे कर्तव्य संपत असे. गुरुजींनी एके दिवशी विचारले, की या ठिपक्यांपैकी हा एक ठिपका वरच्या कांड्यात नेमका कोठे जातो? पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. ते असणे शक्यही नव्हते, कारण ठिपका हा एका पातळीवरचा पुरावा आणि वाट ही अनेक पातळ्यांची गोष्ट आहे.

त्यानंतर दोन महिने आम्ही चार मुले रोज संध्याकाळी प्रयोगशाळेत बसत होतो. भेंडाच्या गाभ्यात खोडाचे पेर धरावयाचे, दाढीच्या नव्या पात्याने त्याचे पातळात पातळ काप काढावयाचे, प्रत्येक काप क्रमांक घालून पाण्याच्या बशीत ठेवावयाचा, भिंगातून पाहून त्याचे चित्र एका काचेवर शाईने उतरावयाचे. आणि एका फोटोग्राफरने टाकून दिलेल्या, धुऊन स्वच्छ केलेल्या अशा साठ काचा लाकडी खोबणीत एकामागे एक उभ्या केल्या, की समोरून पाहणाऱ्याला ते ठिपके ठिपके न राहता दोऱ्यांसारखे एकमेकांभोवती वळत, पेऱ्यापाशी आडवे होत, एखादा पानाच्या देठात शिरत, असे दिसू लागत. त्यांतला एक दोरा मात्र मध्येच तुटून शेजारच्या दोऱ्यात उडी घेत होता. आम्ही मुलांनी तसेच असेल असे ठरवून टाकले. गुरुजी म्हणाले, ‘‘झाडाने चूक केलेली नाही, ती आपण केली आहे. शोधा.’’ एकतिसावी आणि बत्तिसावी काच मी खोबणीत उलटसुलट घातली होती. त्या काचा बदलल्या, आणि तुटलेला दोरा सांधला गेला.

मेंदूच्या ऊतींची संगणकाच्या साहाय्याने त्रिमितीत पुनर्रचना, हे आजच्या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेले नाव ऐकावयास जड वाटते. पण त्यात गुरुजींच्या काचांच्या पेटीहून तत्त्वतः निराळे असे फारच थोडे आहे. जे निराळे आहे ते प्रमाणाचे, आणि प्रमाण इतके बदलले म्हणजे अडचणींची जातही बदलते, ती कशी हे मला आज सावकाशीने सांगावयाचे आहे.

मेंदूतील पेशींची रचना पाहू इच्छिणाऱ्यांपुढे पहिल्यापासून एक विचित्र पेच होता. चेतापेशीचा देह मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा असतो, पण तिला फुटलेले तंतू तिच्याहून शेकडो-हजारो पट लांब जातात, आणि हे सर्व तंतू एकमेकांत इतके गच्च विणलेले असतात, की सर्वांना रंग दिला तर काळा ठोकळा दिसतो आणि कोणालाच रंग दिला नाही तर काहीच दिसत नाही. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी एकोणिसाव्या शतकात अशी रंगद्रव्याची रीत शोधली, की शेकड्यात एखाददुसरीच पेशी तिच्यात काळी होते, पण जी होते ती पाळामुळांसह पूर्ण होते. आणि स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी त्याच रीतीने आयुष्यभर पाहून आणि रेखाटून, प्रत्येक चेतापेशी ही स्वतंत्र व्यक्ती आहे, हा सिद्धान्त उभा केला. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले, आणि हा सिद्धान्त गोल्जींनी स्वतः मात्र कधी मान्य केला नाही. परंतु या रीतीत एक झाड पूर्ण दिसते आणि भोवतीचे अरण्य अदृश्य राहते. कोणाची फांदी कोणाला कोठे स्पर्श करते, ही जी खरी चौकशी, तिचा निकाल तिच्यातून लागत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा त्याने याच्या नेमके उलट केले: त्याच्याखाली प्रत्येक पेशीची कड, प्रत्येक सिनॅप्स, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचविणारा सांधा, स्वच्छ दिसू लागला, पण पाहावयाचा तुकडा मिलिमीटरच्या दहा-वीस हजाराव्या भागाएवढा पातळ करावा लागला, आणि त्यामुळे पुस्तकातल्या बाजरीच्या चित्राप्रमाणे पुन्हा नुसती वर्तुळे आणि ठिपके हाती आले. यातून सुटण्याचा एकच मार्ग होता. एकही न वगळता सारे छेद क्रमाने घ्यावयाचे, आणि मग सांधावयाचे.

हे छेद कसे घेतात, ते सांगितल्याशिवाय पुढच्या कष्टांची कल्पना येणार नाही. ऊतीचा कण प्रथम रसायनांनी जसा आहे तसा स्थिर करतात. ऑस्मियमसारख्या जड धातूंची संयुगे त्यात मुरवितात, ती पेशींच्या स्निग्ध पटलांना धरून बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या कडा काळ्या उमटतात. नंतर अल्कोहोलने त्यातले पाणी काढून त्या जागी राळ भरतात, आणि ती राळ भट्टीत टणक झाली म्हणजे हिऱ्याच्या पात्याने तिचे काप निघू लागतात. काप पात्यामागच्या पाण्याच्या लहानशा कुंडात तरंगत येतात आणि तेथून सरकत्या फितीवर एकामागून एक उचलले जातात. कापाची जाडी तीस-चाळीस नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दोन हजारांहून अधिक काप बसतील. अशा कापाला सुरकुती पडते, चीर जाते, कधी धुळीचा कण चिकटतो, कधी तो किंचित ताणला जातो. आणि एखादा काप गहाळच झाला, तर त्या जागी अतिशय बारीक असा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा निरोप वाहून नेणारा तंतू, इकडून तिकडे सरकलेला असतो आणि पुढच्या कापातला कोणता ठिपका त्याचा, हे खात्रीने सांगता येत नाही.

सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा एक सूत्रकृमी निवडला, तो या सर्व अडचणी ओळखूनच. जॉन व्हाइट, आयलीन साउथगेट आणि निकल थॉमसन या सहकाऱ्यांनी त्याचे हजारो छेद घेतले, त्यांची छायाचित्रे छापली, आणि प्रत्येक तंतूला हाताने खूण घालीत तो एका चित्रातून दुसऱ्या चित्रात ओळखीत नेला. संगणकाकडून हे काम करून घेण्याचा त्यांचा प्रयत्न होता, पण त्या काळच्या यंत्राच्या आवाक्यात ते आले नाही. ३०२ चेतापेशी आणि सुमारे ५,००० रासायनिक सिनॅप्स यांची ती संपूर्ण नोंद १९८६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिला दहा वर्षांहून अधिक काळ लागलेला होता. मधल्या काळात, १९७२ साली, कोलंबिया विद्यापीठातील सायरस लेव्हिन्थॉल आणि रँडल वेअर यांनी क्रमिक छेदांची चित्रे एकावर एक जुळवून ती संगणकात उतरविण्याची व त्यांतून त्रिमित आकृती काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. हात मात्र माणसाचाच होता: कड माणसाने गिरवावयाची, आणि संगणकाने ती लक्षात ठेवून फिरवून दाखवावयाची.

येथे थोडे थांबून मला खोडदकडे वळले पाहिजे. या सभागृहापासून पूर्वेला काही मैलांवर, आपल्या शेतांच्या बांधांमधून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या जाळीदार तबकड्या आपण सर्वांनी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. तमाशाच्या पंढरीला आणि टोमॅटोच्या बाजाराला येणाऱ्या पाहुण्याला आपण त्या अभिमानाने दाखवितो, आणि तेथे आकाशातले आवाज ऐकतात, असे काहीतरी सांगतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि सोळा तीन भुजांवर, अशा की दोन टोकांमधले अंतर पंचवीस किलोमीटरपर्यंत जाते. यांपैकी कोणतीही एक तबकडी आकाशाचे चित्र काढीत नाही. तिसांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या रचनेविषयी एक त्रोटक जबानी देते, पृथ्वी फिरते तशी तीच जोडी दिशा बदलून आणखी जबान्या देते, आणि या सर्वांची रुजुवात घालून संगणक अखेरीस चित्र उभे करतो. चित्र पाहिलेले नसते, ते सांधलेले असते.

या विद्येचा आणि मेंदूच्या चित्रांचा संबंध केवळ उपमेचा नाही, आणि तो ज्या वाटेने आला ती वाट आपल्या महाराष्ट्रातून गेलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत सिडनीजवळच्या पॉट्स हिल जलाशयाच्या काठी रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्तियनसेन यांनी सुमारे पावणेदोन मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांची एक रांग उभारली होती. अशा रांगेला सूर्य गोल दिसत नाही. त्याच्यावरून एक अरुंद पट्टा सरकत जातो आणि त्या पट्ट्यातून येणाऱ्या रेडिओ लहरींची एकूण तीव्रता तेवढी मोजली जाते. निरनिराळ्या दिशांनी घेतलेल्या अशा पट्ट्यांच्या बेरजांवरून मूळ सूर्याचे चित्र परत मिळविता येते काय? ख्रिस्तियनसेन आणि वॉरबर्टन यांनी ते हाताने आकडेमोड करून मिळविले. आणि रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ साली त्यामागचे गणित स्वच्छ मांडले. त्याच सुमारास त्या तबकड्यांवर काम करणारा एक भारतीय तरुण होता, गोविंद स्वरूप. पुढे ब्रेसवेल स्टॅनफर्डला गेले आणि स्वरूप यांनी त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळविली. ऑस्ट्रेलियाला नको झालेल्या त्या ३२ तबकड्या भारताला भेट मिळाल्या, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या स्वरूप यांनी १९६५ साली त्या कल्याणला उभ्या केल्या. तेथून उटी, आणि उटीहून खोडद, असा तो प्रवास आहे.

आता दुसरी शाखा पाहा. सूर्यावरून जाणारा पट्टा आणि डोक्यातून आरपार जाणारा क्ष-किरण यांचे गणित एकच आहे, कारण दोन्हीकडे वाटेतल्या सर्व गोष्टींची बेरीज तेवढी हाती येते. १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी या बेरजांवरून त्रिमित रचना काढण्याची, पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी आणि जलद अशी रीत प्रसिद्ध केली. आणि त्या निबंधाच्या मथळ्यातच क्ष-किरणचित्रे व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे असा दोहोंचा उल्लेख होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका जिवंत रुग्ण स्त्रीच्या मेंदूचा पहिला छेद, पात्याशिवाय, घेतला. हाउन्सफील्ड यांनी आपली वाट स्वतंत्रपणे काढली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; पण पुढच्या यंत्रांतून जी गणिती रीत सर्वत्र रूढ झाली, ती ब्रेसवेल आणि रामचंद्रन यांच्या घराण्यातली होती. ज्या घरात फेफरे येणाऱ्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्यापलीकडे काही उपाय ठाऊक नव्हता, त्या घरातील माणसाला पुण्याला नेऊन एका तासात त्याच्या मेंदूत फीतकृमीच्या अळीची बरी होण्याजोगी गाठ आहे हे दाखविता येऊ लागले, याचे मोल आपल्या जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील कित्येक कुटुंबे जाणतात. माझ्या घरातील एक माणूस त्यांपैकी आहे.

परंतु या यंत्राला, म्हणजे सीटी स्कॅनला, पेशी दिसत नाही. त्याला दिसतो तो सबंध गाव, घरे नाहीत. घरे पाहावयाची तर पुन्हा हिऱ्याच्या पात्याकडे, छेदांकडे आले पाहिजे.

छेद संगणकात आले म्हणजे पहिले काम ते एकमेकांशी जुळविण्याचे. आपल्या जुन्नर तालुक्यातील बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची, आणि तिच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. एका ओढ्याच्या काठावर दिसणारे मातीचे थर आणि दूरच्या दुसऱ्या काठावरचे थर यांची ओळख भूवैज्ञानिक पटवितात, ती अशा एखाद्या न चुकणाऱ्या थराच्या आधाराने. छेदांचेही तसेच: रक्तवाहिनीची कड, पेशीकेंद्र, जाड आवरणाचा तंतू अशा ठळक खुणा दोन शेजारच्या चित्रांत ओळखून, त्यांतले एक चित्र दुसऱ्यावर बसेपर्यंत संगणक ते ताणतो, वळवितो, सुरकुती उलगडतो. पण ताणण्याचा अधिकार यंत्राला मर्यादितच दिला पाहिजे. कारण कशालाही कशाशी जुळेपर्यंत ताणता येते, आणि मग जुळणी सुबक होते व खोटी होते.

दुसरे काम कडा ओळखण्याचे. प्रत्येक चित्रात हजारो बंद आकृती असतात, आणि त्यांतली कोणती वरच्या छेदातील कोणाची पुढची पायरी, हे ठरवावयाचे. पूर्वी हे डोळ्यांनी होत असे. बॉस्टनमध्ये असताना जॉन फियाला यांनी केलेली आणि २००५ साली जाहीर केलेली ‘रिकन्स्ट्रक्ट’ नावाची विनामूल्य संगणकप्रणाली कित्येक प्रयोगशाळांत याच कामासाठी वापरली गेली. तिच्यात छेदागणिक माणूस कड गिरवीत असे. आता कृत्रिम मज्जाजालांना गिरविलेल्या नमुन्यांवरून शिकविले जाते, आणि ती एका बिंदूपासून आरंभ करून, पाणी वाटेने पसरावे तशी, पेशीच्या आतल्या जागेत छेदामागून छेद पसरत जातात, व पटलाची काळी कड आली की थांबतात.

ती कोठे चुकतात, हे आपल्याला परक्याने समजावून सांगण्याची गरज नाही. १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला, आणि पुढे गावोगाव एकत्रीकरण योजना येऊन जुने सर्व्हे नंबर गेले व गट नंबर आले, तेव्हा काय झाले ते प्रत्येक चावडीवर आजही ऐकावयास मिळते. कोठे एका खातेदाराचे सलग शेत कागदावर दोन गटांत फाटले. कोठे दोन निराळ्या कुळांच्या जमिनी एकाच गटात मोडल्या, आणि पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदलेल्या घरांत दुरुस्तीचे अर्ज, हरकती, मोजणी आणि दिवाणी दावे सुरू झाले. मेंदूच्या नकाशात नेमक्या याच दोन जातींच्या चुका होतात. एकच तंतू दोन तुकड्यांत तुटतो, किंवा दोन परके तंतू एकाच नावावर चढतात. पहिली चूक उणीव ठेवते. दुसरी खोटा संबंध निर्माण करते आणि तो संबंध पुढच्या सर्व संबंधांना नासवितो, म्हणून मी दुसरीला अधिक भितो. या दोन्ही सुधारण्याच्या कामाला इंग्रजीत मुद्रितशोधनाचाच शब्द वापरतात, आणि तो मला फार यथार्थ वाटतो. कारण यंत्राने जुळविलेला मजकूर माणसाने वाचून, आपल्या सहीनिशी पुढे पाठवावयाचा, हाच त्याचा अर्थ आहे.

या रीतीने काय हाती आले, त्याचे दोन-तीन दाखले देतो. पंचेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीला अपस्मार होता. मेंदूतील खोलवरच्या विकाराकडे पोचण्यासाठी शस्त्रवैद्यांना वरच्या निरोगी बाह्यकाचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, लहानसा भाग काढावा लागला, आणि त्यातला कण हार्वर्डमधील जेफ लिक्टमन यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या कणाचे पाच हजारांहून अधिक छेद घेतले गेले, आणि गूगलच्या संशोधकांबरोबर केलेली त्याची पुनर्रचना २०२४ साली प्रसिद्ध झाली. आकारमान एक घन मिलिमीटर. त्यात सुमारे ५७,००० पेशी, २३० मिलिमीटर लांबीच्या रक्तवाहिन्या, सुमारे १५ कोटी सिनॅप्स. आणि ही सारी चित्रे साठवावयास १४ लाख गिगाबाइट जागा. माणसाचा सबंध मेंदू याच्या सुमारे दहा लाख पट आहे. त्याच वर्षी प्रिन्स्टनमधील माला मूर्ती आणि सेबॅस्टियन सुंग यांच्या पुढाकाराने फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा पुरा झाला: १,३९,२५५ चेतापेशी, पाच कोटींहून अधिक सिनॅप्स. माशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. आणि यंत्राने आपले काम केल्यावरही त्यातील चुका सुधारण्यास जगभरातील शास्त्रज्ञ आणि सामान्य स्वयंसेवक यांचे जे श्रम लागले, त्यांचा हिशेब एका माणसाची तेहतीस वर्षे इतका भरला.

इतके कष्ट कशासाठी, असा प्रश्न येथल्या एखाद्या शेतकऱ्याने विचारला तर तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी एका लहान कामाने देईन. उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचा, मिलिमीटरच्या शेकडाव्या हिश्श्याहूनही लहान असा एक तुकडा टेक्सासच्या क्रिस्टन हॅरिस आणि साल्क संस्थेतील टॉम बार्टोल, टेरी सेनोव्स्की यांच्या मंडळींनी असाच पुन्हा रचला. त्यात त्यांना असे आढळले, की एकाच अक्षतंतूचे एकाच शाखेशी दोन सांधे असतील, तर ते आकाराने जवळजवळ तंतोतंत सारखे असतात. या अचूकपणावरून त्यांनी २०१५ साली गणित मांडले, की सिनॅप्सच्या निदान २६ निरनिराळ्या आकारप्रती ओळखता येतात, म्हणजे एक सांधा सुमारे ४.७ बिट माहिती धरून ठेवू शकतो. पूर्वी लहान, मध्यम, मोठा अशा मोजक्या प्रतींत ज्याची वाटणी होत असे, त्याची ही बारकाई जुळणी शुद्ध असल्यावाचून कधी दिसली नसती. एकतिसावी काच बत्तिसावीच्या जागी असती, तर दिसला असता तो नुसता अनियम.

याच मंडळींबरोबर काम केलेल्या सुहिता नाडकर्णी आज पुण्याला पाषाणच्या आयसर संस्थेत आहेत. हिप्पोकॅम्पसमधील सिनॅप्सची त्रिमित प्रतिकृती संगणकात उभारून, तीत कॅल्शियमचे कण कसे पसरतात आणि निरोपाचे रसायन केव्हा सुटते, हे तपासणारा त्यांचा बार्टोल व सेनोव्स्की यांच्यासह लिहिलेला निबंध २०१० सालचा आहे. चेन्नईच्या आयआयटीमधील सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने २०२४ च्या अखेरीस मानवी गर्भाच्या मेंदूचे ५,१३२ छेद अंकरूपात आणून त्यांची त्रिमित नोंद जगाला विनामूल्य खुली केली. तेथील छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे नव्हेत, पुष्कळ जाड आहेत, आणि त्यांत सांधे दिसत नाहीत, पेशी दिसतात. परंतु जन्मापूर्वीचा मेंदू कसा घडतो, याची एवढी बारीक नोंद आपल्या देशात, आपल्या माणसांनी केली, याचा मला मनापासून अभिमान आहे. ज्या कुटुंबांनी आपल्या दुःखाच्या घडीला ते दान दिले, त्यांची नावे कोणी जाणणार नाही. त्यांच्यापुढे या व्यासपीठावरून मी हात जोडतो.

एक आक्षेप वारंवार ऐकतो, त्याचा परामर्श घेतला पाहिजे. यंत्रे दिवसेंदिवस अधिक शहाणी होत आहेत, तेव्हा हे तपासणीचे काम उद्या तीच करतील, खेड्यातील मुलामुलींनी त्याच्यामागे लागून काय मिळणार, असे म्हणतात. यंत्रे सुधारतील यात शंका नाही. पण आजवरचा अनुभव असा आहे, की यंत्र जसजसे सुधारले तसतसा आपण त्याच्यापुढे अधिक मोठा तुकडा ठेवला, आणि चुकांचे शेकडा प्रमाण घटले तरी त्यांची संख्या वाढली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदराच्या दृष्टिबाह्यकाच्या पुनर्रचनेत ५२ कोटींहून अधिक सिनॅप्स आणि चार किलोमीटर लांबीचे अक्षतंतू आहेत. त्यांतला बहुतेक भाग यंत्राने जुळविला तसाच आहे, माणसाच्या नजरेखालून गेलेला भाग लहान आहे. शिवाय यंत्राला काय बरोबर हे शिकविण्यासाठी जे नमुने लागतात, ते कोणीतरी आधी हाताने बिनचूक गिरविलेले असावे लागतात. दप्तर कितीही मोठे झाले, तरी अव्वल नोंद खरी असल्याखेरीज त्याची कोणतीही नक्कल खरी ठरत नाही.

आणि हे काम करावयास लागते काय? फळमाशीचा नकाशा, त्या अपस्मारी स्त्रीच्या मेंदूचा कण, चेन्नईची नोंद, सर्व खुले आहे. परवाना लागत नाही, शुल्क लागत नाही. एक बऱ्यापैकी संगणक, इंटरनेटची जोडणी, आणि तंतूच्या मागोमाग जाताना मध्येच कंटाळून तसेच असेल असे न म्हणणारा स्वभाव. पहिल्या दोन गोष्टी आज घोडेगावच्या आणि ओतूरच्या शाळांत आहेत. तिसरी गुरुजींनी आम्हाला दिली, आणि ती देणारे शिक्षक आजही या दोन तालुक्यांत आहेत, हे मी पाहिले आहे.

म्हणून माझी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदची वेधशाळा सर्वांना खुली असते आणि आपण मुलांना तेथे घेऊन जातो. यंदा जाण्यापूर्वी बाजरीचे, नाहीतर मक्याचे एक पेर घ्या. त्याचे वीस काप मुलांकडून काढवून घ्या, प्रत्येकावर क्रमांक घाला, काचा नसतील तर पारदर्शक कागदावर चित्रे उतरवा आणि ती एकावर एक ठेवून एका ठिपक्याची वाट त्यांना खालपासून वरपर्यंत शोधू द्या. मग त्यांना त्या तबकड्यांखाली उभे करा आणि तीस तबकड्यांचे एक चित्र कसे होते, हे तेथील शास्त्रज्ञांना विचारावयास सांगा. गुरुजींची पेटी शाळेच्या प्रयोगशाळेत अजून आहे. साठांपैकी सत्तावन्न काचा शाबूत आहेत, आणि क्रमांक वाचता येतात. ज्यांना ती पाहावयाची असेल, त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावे.